ओळख झाल्यावर किती दिवसांनी विचारावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"भेटू या का?" हे नेमकं कधी विचारायचं, यावर मित्रमंडळीत रात्र रात्र खल होतो आणि शेवटी कोणीच काही विचारत नाही. ही उत्तरं मुख्यतः पुण्या-मुंबईकडच्या, कमावत्या किंवा कमवायला लागू पाहणाऱ्या मंडळींसाठी आहेत. लहान गावांचा प्रश्न वेगळा आहे, तो खाली घेतला आहे.

आधी आकडा सांगा. किती दिवस?

जिची परत गाठ पडेल याची खात्री नाही अशा व्यक्तीला त्याच दिवशी. जी रोज समोर दिसते तिला तीन-चार आठवड्यांनी, त्याआधी नको. बाकीचे सगळे या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसतात.

खरं तर दिवस मोजण्यापेक्षा स्वतःला दोन गोष्टी विचारा. आपण काहीच केलं नाही तरी पुढची भेट होणार आहे का? आणि नकार आला, तर त्यानंतर किती दिवस एकमेकांच्या समोर वावरावं लागणार आहे? भेट आपोआप होणार नसेल तर घाई करा. नकारानंतरही रोज तोंड दाखवायचं असेल तर दमानं घ्या. "तीन दिवस मेसेज करू नको, भाव खा" असले नियम कोणी सांगितले तर ऐकून सोडून द्या. तीन दिवसांत ट्रेकचा व्हॉट्सॲप ग्रुपसुद्धा रिकामा होतो.

इतक्या लवकर विचारलं तर उतावळा वाटणार नाही का?

माणूस उतावळा ठरतो तो काय मागतो त्यावरून. काल ओळख झालेल्या मुलीला "उद्या क्लासनंतर चहा घेऊ या का?" विचारलं तर त्यात वावगं काही नाही. तिलाच "रविवारी लोणावळ्याला जाऊ" म्हटलं तर ती घाबरेल, आणि घाबरायलाच हवं. ओळख जेवढी, मागणी तेवढी: अर्ध्या तासाच्या गप्पा झाल्या असतील तर तासाभराची भेट मागा. गुडघ्याला बाशिंग बांधायची गरज नाही.

आणि उशीर झाला तर? अजून थोडी ओळख वाढू दे असं वाटतं.

ओळख वाढते हे खरंच आहे. एखादी गोष्ट नुसती वारंवार नजरेस पडली तरी ती आवडायला लागते, हे रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली प्रयोगांतून दाखवलं. आळशी प्रेमवीरांना हा मोठाच आधार वाटतो. पण "मी तिला आवडायला लागलोय" आणि "मी तिच्या सवयीचा झालोय" यांत अंतर आहे, आणि गप्प बसून ते कापता येत नाही.

उशिराचा खरा तोटा निराळाच. तुम्ही मनातल्या मनात पुढे निघून जाता. सहा महिने झाले की प्रश्न "चहाला येतेस का?" एवढा लहान राहत नाही, त्यात सहा महिन्यांचं ओझं येतं. तोवर तुमच्या चार मित्रांना कळलेलं असतं, त्यांच्या खाणाखुणा चालू झालेल्या असतात, वाढदिवसाला केक भरवताना तुम्हालाच पुढे ढकललं जातं. सगळ्या कट्ट्याला माहीत आणि जिला माहीत हवं तिला पत्ता नाही. अशा वेळी विचारलं की समोरच्या माणसाला तुमच्याबरोबर त्या कट्ट्यालाही उत्तर द्यावं लागतं. म्हणून एक विनंती: विचारायच्या आधी ग्रुपमध्ये सांगू नका.

आम्ही एकाच ऑफिसात आहोत.

मग महिनाभर तरी थांबा आणि तेवढ्यात कामाबाहेरच्या विषयावर आपणहून गप्पा होतात का ते बघा. डबा खाताना ती तुमच्याच टेबलावर येऊन बसते, की तुम्ही तिच्या टेबलावर जाऊन बसता? हा फरक बारीक आहे, पण पुष्कळ काही सांगून जातो.

तुम्ही तिचे वरिष्ठ असाल, तिचं अप्रेझल तुमच्या हातात असेल, तर विचारू नका. इथे माझं मत पक्कं आहे. ज्याच्या हातात पगारवाढ आहे त्याला "नाही" म्हणणं सोपं नसतं, त्यामुळे तुम्हाला मिळालेल्या "हो"चीही खात्री देता येत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे, आणि त्यामागे सर्वोच्च न्यायालयाची १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आहेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती असावीच लागते. समोरच्या बाईला नकोसं असलेलं वर्तन हा त्या कायद्याचा गाभा आहे. बरोबरीच्या सहकाऱ्यानं एकदा, सभ्यपणे, कामाच्या वेळेबाहेर विचारलं आणि नकारानंतर विषय तिथेच सोडला, तर सहसा वेळ तिथवर जात नाही. गाडी बिघडते ती दुसऱ्या-तिसऱ्यांदा विचारल्यावर, किंवा नकारानंतर कामात खुन्नस काढायला लागल्यावर.

ढोल पथकात ओळख झाली. विसर्जनानंतर विचारू का?

हा खास पुणेरी प्रश्न, आणि दरवर्षी येतो. गणपतीच्या दोनेक महिने आधी सराव सुरू होतो. संध्याकाळी ऑफिसातून थेट मैदानावर, ढोल ताणायला एकमेकांची मदत, बोटांना चिकटपट्ट्या, कोणाचं तरी टिपरू हरवलेलं. रोज दोन तास भेट. गंमत म्हणजे वाजवताना बोलता येत नाही, त्यामुळे जे काही बोलणं व्हायचं ते सरावानंतरच्या वडापावच्या गाडीवर. तेवढं पुरतं.

सराव ऐन भरात असताना विचारलं आणि नकार आला, तर अनंत चतुर्दशीपर्यंत एकाच रांगेत उभं राहायचं. विसर्जन उरकून पंधरा दिवस गेल्यावर विचारावं, तर सगळे पांगलेले असतात आणि तुमचा मेसेज कुठून तरी उपटल्यासारखा येतो. योग्य वेळ विसर्जनानंतरचे पहिले तीन-चार दिवस. हात दुखत असतात, आवाज बसलेला असतो, रोजची संध्याकाळ एकदम मोकळी झालेली असते आणि दोघांनाही त्या मोकळेपणाचं काय करायचं कळत नसतं. तेव्हा विचारा. मिरवणुकीत, गुलालानं माखलेलं असताना, शंभर माणसांत विचारू नका. ते सिनेमात ठीक.

दोघंही एमपीएससी करतोय. सदाशिव पेठेत एकाच अभ्यासिकेत बसतो.

"पूर्व परीक्षा झाली की विचारतो" असं ठरवलं असेल तर जपून. परीक्षा पुढे गेली की तुमचं विचारणंही पुढे जाणार. मग मुख्य, मग मुलाखत, मग निकाल.

त्याच वेळी हेही खरं की अभ्यासिकेत जागा ठरलेल्या असतात. नकार आला तर रोज बारा तास तीच पाठ समोर. त्यामुळे एरवी लागू पडणारा महिन्याचा हिशोब इथे दीड-दोन महिन्यांचा धरा, आणि परीक्षेच्या आधीचा महिना पूर्ण सोडा. कोणाचंही वर्ष आपल्या भावनांपायी वाया जाता कामा नये. त्यामागे घरच्यांनी पाठवलेले पैसे असतात. विचारायचं ते चहाच्या सुट्टीत, दोघंच असताना. पुस्तकात चिठ्ठी ठेवून नको. नोट्सची देवाणघेवाण चालू असेल तर नकारानंतरही ती तशीच चालू ठेवा. ती बंद केलीत तर नोट्स कशासाठी देत होतात ते उघड होतं.

ट्रेकला किंवा एखाद्या कार्यक्रमात भेट झाली. एकच दिवस.

त्याच दिवशी. परतीच्या बसमध्ये, पायथ्याच्या पिठलं-भाकरीच्या वेळी, निरोप घेताना. "तुझ्याशी बोलायला मजा आली. पुढच्या आठवड्यात एकदा कॉफीला भेटायचं का? नंबर देशील?" एवढंच. ट्रेकच्या ग्रुपवरून नंबर उचलून रात्री अकराला "हाय, ओळखलंस का?" पाठवण्यापेक्षा हे शंभर पट बरं. तो नंबर तिनं आयोजकांना दिलेला असतो, तुम्हाला नाही.

सवाई गंधर्वसारख्या, काही दिवस चालणाऱ्या महोत्सवात एक सवलत आहे. पहिल्या दिवशी शेजारी बसून गप्पा झाल्या, दुसऱ्या दिवशी तुमच्यासाठी जागा धरून ठेवलेली दिसली, तर तिसऱ्या दिवशी विचारायला हरकत नाही. कोणी तुमच्यासाठी भारतीय बैठकीत जागा धरत असेल तर ती लहानसहान गोष्ट नव्हे. शेवटच्या दिवसाच्या भैरवीपर्यंत मात्र थांबू नका, तिथे सगळ्यांना रिक्षा पकडायची घाई असते.

मित्राच्या लग्नात भेट झाली असेल तर थेट विचारण्याआधी नवरा किंवा नवरीकडून एवढंच काढून घ्या की ती व्यक्ती एकटी आहे का. मावशी-आत्यांना मधे घेऊ नका. त्यांनी मनावर घेतलं तर आठ दिवसांत पत्रिका जुळवून मोकळ्या होतील.

आणि हो, अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात भेट झालेल्यांनो, ते अधिवेशन दोन वर्षांतून एकदा भरतं. तुम्ही काय ते आजच विचारा.

ॲपवर जुळलंय. किती दिवस चॅट करायचं?

आठवडा, फार तर दहा दिवस. ॲपवर दोघंही त्यासाठीच आलेले असतात, त्यामुळे भेटायचं विचारणं हा धक्का नसतो. महिनाभर "जेवलीस का?" चालू राहिलं तर ते जेवणापलीकडे जात नाही. शिवाय लांबलेल्या चॅटमध्ये आपण समोरच्याचा आवाज, हसणं, स्वभाव सगळं आपल्या मनानं भरून टाकतो आणि प्रत्यक्ष भेटीत बिचाऱ्या खऱ्या माणसाला त्याच्याशी स्पर्धा करावी लागते.

भेटीआधी पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल करून घ्या. जागा वर्दळीची हवी, येण्या-जाण्याची सोय स्वतःची हवी, आणि कुठे जातोय हे एका मैत्रिणीला किंवा भावाला माहीत हवं. मुलांसाठीही हे आहे: समोरची व्यक्ती एका ठरावीक, नाव न ऐकलेल्या कॅफेचाच हट्ट धरत असेल तर सावध व्हा. तिथे नेऊन भरमसाट बिल लावायचं आणि बिल आलं की ती व्यक्ती गायब, हा प्रकार मुंबई-दिल्लीत उघडकीस आलेला आहे. जागा तुम्ही सुचवा. न भेटताच कोणी पैसे मागायला लागलं तर बोलणं थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, उशीर झाला की पैसे अडवणं अवघड होतं.

कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला. दोघंच भेटायचं कधी विचारू?

दोन ते चार दिवसांत, आणि "आम्ही कळवतो" या निरोपाच्या आधी. दिवाणखान्यात दोन्हीकडची आठ माणसं असताना, "तुम्ही दोघं जरा गॅलरीत बोला" म्हणून दिलेल्या दहा मिनिटांत कोणालाच काही कळत नाही. तिला छंद विचारायचे, त्यानं पॅकेज सांगायचं, आणि आतून काकू डोकावायच्या.

आई-वडिलांकडून विचारणा गेली तरी चालते, पण जमल्यास स्वतः फोन करा: "घरच्यांनी काही ठरवायच्या आधी आपण एकदा निवांत भेटू या का?" यात होकार गृहीत धरलेला नाही, हे सामनेवाल्यांनाही बरं वाटतं. एका भेटीत न कळल्यास दुसरी मागा. त्यानंतरही पाच-सहा भेटी होऊन निरोप जात नसेल, तर मात्र दुसऱ्या घराला ताटकळत ठेवताय.

मी मुलगी आहे. मीच विचारलं तर?

विचारा. वरचे सगळे हिशोब तसेच लागू. "फारच पुढची दिसते" असं ज्याला वाटेल त्याच्याबद्दल तुम्हाला एका प्रश्नात हवी ती माहिती मिळाली.

नक्की बोलायचं काय? तिथेच तर गाडी अडते.

दिवस, वेळ आणि जागा सांगा, आणि नाही म्हणायला वाट ठेवा. "कधीतरी भेटू ना" याला उत्तर देता येत नाही; "शनिवारी सकाळी दहाला गुडलकला बनमस्का खायला येतेस का? नसेल जमत तर तसं सांग, काही नाही" याला देता येतं. डेक्कनवरचं गुडलक १९३५ पासून चालू आहे, तुमच्या नकारानं त्याला काही होणार नाही. मुंबईत पृथ्वी थिएटरच्या आवारातला चहा किंवा मरीन ड्राइव्हचा कठडा. थोडक्यात, जिथून तासाभरात उठता येतं अशी जागा. पहिल्याच भेटीला सिनेमा नको, तीन तास अंधारात गप्प बसून ओळख होत नाही.

नकाराला वाट ठेवा, हे शिष्टाचार म्हणून सांगत नाही. व्हनेसा बॉन्स आणि लॉरेन डीव्हिन्सेंट या संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिलं की नाही म्हणणाऱ्याला किती अवघडल्यासारखं होतं, याचा अंदाज विचारणाऱ्याला कमीच येतो. आपण आपल्याच धडधडीत इतके गुंतलेले असतो की समोर कोणीतरी आपल्याला न दुखावता सुटायची धडपड करतंय, हे दिसत नाही. आपल्याकडे तर भिडस्तपणा हा सद्गुण म्हणून वाढवला जातो. त्यामुळे नकाराचं वाक्य तुम्हीच त्यांच्या हातात द्या.

समोरासमोर की मेसेजवर? एरवी समोरासमोर, पण लिफ्टमध्ये, गाडीत किंवा जिथून उठून जाता येणार नाही अशा ठिकाणी नको. फारच गळाठा होत असेल तर मेसेज चालेल. मेसेज एकच. निळ्या टिका दिसल्या आणि उत्तर नाही, म्हणून खाली प्रश्नचिन्ह पाठवायचं नाही.

"बघू", "सांगते तुला", "या आठवड्यात जरा धावपळ आहे" म्हणजे काय?

मराठी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. पाहुण्याला वाढताना आणि स्थळाला नकार देताना आपली भाषा सारखीच गोडमिट्ट असते. तरी ओळखायची एक खूण आहे: पर्यायी दिवस येतो का? "शनिवारी भाचीचा वाढदिवस आहे, रविवारी चालेल?" हे हो आहे. "शनिवारी नाही जमणार गं/रे" आणि पुढे शांतता, हे बहुतेक वेळा नाही आहे. "आपण सगळे मिळून जाऊ ना" हेही नाही, फक्त जास्त प्रेमानं सांगितलेलं. "घरी विचारावं लागेल" हे मात्र वयावर आणि घरावर अवलंबून असतं. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला ते खरोखर विचारावं लागत असेल, तिशीतल्या माणसानं म्हटलं तर ते नाही आहे असं समजा.

"बघू" आलं की पुढचा चेंडू त्यांच्याकडे. तुम्ही "ठीक, जमलं तर सांग" म्हणून विषय बदला आणि खरंच बदला.

नाही म्हणाली. परत कधी विचारू?

स्पष्ट नाही असेल तर परत नाही. "मागे लागलं की मुली पटतात" ही समजूत कित्येक पिढ्यांच्या चित्रपटांनी पोसली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे, स्त्रीनं नको असल्याचं स्पष्ट केल्यावरही पुरुषानं वारंवार संपर्क साधणं किंवा ती नेटवर काय करते यावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्याआधी हेच भारतीय दंड संहितेत २०१३ पासून होतं.

उत्तर संदिग्ध होतं आणि त्यानंतर ती व्यक्ती स्वतःहून पूर्वीसारखी बोलतेय, तर महिन्या-दोन महिन्यांनी आणखी एकदा. त्यापुढे नाही.

मी मुलगा आहे आणि मला एक मुलगा आवडतो. तो कसा आहे ठाऊक नाही.

समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असा कलम ३७७ चा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला दिला, पण घर आणि ऑफिस अजून त्या तारखेपर्यंत पोचलेलं नाही. त्यामुळे इथे घाईचा नियम मी शिथिल करतो. आधी साधी मैत्रीची भेट मागा, आणि बोलण्यात स्वतःबद्दल जेवढं सुरक्षित वाटेल तेवढं उघड करा. तो काय उचलून धरतो आणि कुठे विषय बदलतो, त्यावरून अंदाज येईल. तुम्ही दोघंच असताना विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी त्याचं गुपित तुमच्याकडून बाहेर जाता कामा नये. उलट दिशेनं तीच हमी मिळेल असा माणूस आहे का, हे विचारण्याआधी पाहा.

वय बेचाळीस. घटस्फोट झालाय, मुलगी नववीत आहे.

तुम्हाला थांबण्यात काही फायदा नाही. दोघांचेही रविवार मोजके असतात. एक-दोन चांगल्या गप्पा झाल्या की विचारा. मुलीबद्दल पहिल्या भेटीआधीच सांगून टाका, मुलीला मात्र पहिल्या भेटीबद्दल सांगायची घाई नको.

आमचं तालुक्याचं गाव आहे. इथे कॉफी शॉप एक आणि ते मामेभावाचं.

अडचण खरी आहे. तिथे दोघं एका टेबलावर दिसले की संध्याकाळपर्यंत दोन्ही घरी पोचतं, आणि त्याची किंमत मुलीला जास्त मोजावी लागते. म्हणून गावात भेटीआधी फोनवरची ओळख जास्त वाढू द्या. भेट मागायची तर कुठे आणि कशी हे तिलाच ठरवू द्या, कारण धोका तिचा. जिल्ह्याच्या ठिकाणी कामानिमित्त दोघांचं जाणं होत असेल तर तिथलं पुस्तक प्रदर्शन, नाट्यगृह, एसटी स्टँडजवळचं बऱ्यापैकी हॉटेल चालतं. गावाबाहेरचं टेकडीवरचं मंदिर रम्य असतं, पण निर्जन जागा पहिल्या भेटीला सुचवू नये.

बिल कोणी द्यायचं?

ज्यानं बोलावलं त्यानं. समोरून टीटीएमएमचा (तू तुझे, मी माझे) आग्रह झाला तर वाद न घालता निम्मे घ्या.

हो आलं! आता भेट किती दिवसांत ठरवू?

आठवड्याच्या आत. पुढच्या महिन्यावर टाकलंत तर तोवर कोणाचं तरी ऑनसाइट निघतं. मधल्या दिवसांत रोज पन्नास मेसेज करून सगळे विषय संपवू नका. आदल्या संध्याकाळी एक ओळ पाठवा, "उद्या दहाला गुडलक, नक्की ना?", आणि शनिवारी तिथे जागेसाठी बाहेर थांबावं लागतं हे लक्षात घेऊन तुम्ही पावणेदहालाच पोचा.